गॅलरीतला वाटाड्या

डिलिव्हरीवाल्याला आमची इमारत सापडेना, म्हणून मी गॅलरीत उभा राहून, समोरून येणाऱ्या त्याला फोनवर वाट सांगत होतो. "डावीकडे वळा." तो वळल्यावर उमगलं, ती डावी बाजू माझी होती, त्याची नव्हे. "अहो, उजवीकडे, उजवीकडे." तो गर्रकन फिरला, मागची मोटार करकचून थांबली आणि मोटारवाल्याने उतरून त्याच्या स्कूटरची किल्लीच काढून घेतली. शिव्या मला फोनवर स्वच्छ ऐकू येत होत्या. "चुकलं साहेब, किल्ली द्या," तो थकल्या आवाजात म्हणत राहिला. दिवसभरात असल्या किती जणांच्या चुका हा स्वतःच्या अंगावर घेत असेल?

किल्ली मिळाल्यावर तो वर आला. माफी मागायला मी तोंड उघडलं आणि विचारलं, "सांबार सांडलं नाही ना?"

"नाही काका. तो ओरडत होता तेव्हा पिशवी सरळच धरली होती."