वाक्याचा वकील

छापलेल्या मजकुरावरून झालेला खटला आला, की आबासाहेब रहाळकर तो मजकूर आधी मोठ्यानं वाचायला लावत आणि स्वतः डोळे मिटून बसत. नवी सनद घेऊन मी साताऱ्याला त्यांच्या हाताखाली गेलो, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर एका साप्ताहिकाचा अग्रलेख टाकला.

"रागावून वाच," म्हणाले. मी वाचला. "आता हसत वाच." तसाही वाचला.

"आता सांग, सरकारला यातलं कुठलं वाचन ऐकू आलं?"

मला सांगता येईना. त्यावर ते खूश झाल्यासारखे दिसले. का, ते मला आजही नीटसं कळलेलं नाही.

सातारा-सांगलीकडचा कुणी संपादक, छापखानेवाला किंवा शाहीर पकडला गेला, की त्याची माणसं आबासाहेबांची ओसरी गाठत. चळवळीतले लोक त्यांना भित्रे म्हणत आणि सरकारी कचेरीत त्यांना छुपे चळवळे समजत. दोघांनाही ते एकच सांगत, "मी माणसाचा वकील नाही हो, वाक्याचा वकील. माणूस आपला वाक्याबरोबर येतो."

बेचाळीसच्या धामधुमीत ज्ञानू लोहार असाच आला. रहिमतपुरात त्याचा लहानसा छापखाना होता. तिथल्या फौजदारानं लोकांना कसं झोडपलं, ते ज्ञानूनं नावानिशी छापलं. फौजदारानं त्याला पकडून नेलं आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली. वर खटलाही भरला. आबासाहेबांनी चार दिवस उलटतपासणी घेऊन त्याला सोडवला. पुढं ज्ञानू डाव्या हातानं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला शिकला. मला म्हणायचा, "वकीलसायेब, बोटं गेली त्येचं काय न्हाई. आबासाहेबांनी माझी जीभ परत आणली."

स्वराज्य आलं. ज्ञानू रेशन कमिटीवर गेला आणि फौजदार निवृत्त झाला. वर्षभरानं त्याच फौजदाराला अटक झाली. कमिटीतल्या बड्या माणसांनी गावाचं धान्य गोदामात दडवलं आहे, असं पत्रक त्यानं बाजारात वाटलं होतं. लोकांना चिथावल्याचा आरोप होता. त्याची बायको ओसरीवर येऊन बसली. आबासाहेबांनी मला पत्रक वाचायला सांगितलं. रागावून वाचलं. हसत वाचायला मात्र जमेना. त्यांनी वकीलपत्र घेतलं.

दुसऱ्या सकाळी ज्ञानू आला. दारातच उभा राहिला.

"आवं आबासाहेब, ह्यो हात बघा. त्या मानसाचं तुमी वकीलपत्र घेतलं?"

"घेतलं, ज्ञानू."

"का?"

"तू छापलंस तेव्हा ज्यासाठी घेतलं, त्यासाठीच."

"मी आन त्यो एकच हाय व्हय?"

आबासाहेबांनी टेबलावरचं पत्रक सरळ केलं. ज्ञानू माझ्याकडे वळला. त्याला वाटलं असावं, मी तरी काही बोलेन. माझ्या मनात होतं, की हा म्हणतो तेच खरं. पण टेबलावरचं पत्रकही मला दिसत होतं. मी मान खाली घातली.

खटला उभा राहिला, तेव्हा कमिटीचा सभासद म्हणून सरकारनं ज्ञानूलाच साक्षीला आणलं. मजकूर खोटा आहे, एवढं त्यानं सांगायचं होतं. सरकारी वकिलाच्या प्रश्नांना त्यानं तुटक उत्तरं दिली. मग आबासाहेब उठले. फौजदार मागं बसून मिशीवर बोट फिरवत होता.

"ज्ञानदेव, गोदामात धान्य होतं की नव्हतं?"

ज्ञानूनं फौजदाराकडे पाहिलं, मग आबासाहेबांकडे. कोर्टात पंखा ओढणारासुद्धा थांबला.

"व्हतं," तो म्हणाला. "मी कमिटीत तसं बोललो बी व्हतो. मला गप बसवलं."

फौजदार सुटला. जाताना त्यानं आबासाहेबांना साधा नमस्कारही केला नाही. आठवड्याभरात ज्ञानूला कमिटीवरून काढून टाकलं.

पुढच्या रविवारी आबासाहेब मला घेऊन गाडीनं रहिमतपूरला गेले. ज्ञानू छापखान्यात खिळे जुळवत होता. त्यानं वर पाहिलं नाही. त्याच्या बायकोनं आम्हांला पाणी दिलं. आबासाहेब बाकावर तासभर बसले, मग उठले. परतीच्या गाडीत कोरेगाव मागं पडल्यावर ते म्हणाले, "त्याचा राग बरोबर आहे. माझं वकीलपत्रही बरोबर होतं. दोन्ही बरोबर कसं, ते मला विचारू नकोस. मी आयुष्यभर कोर्टात बोलत आलो, पण हे मला मांडता येत नाही."

मी त्यांना इतकं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी दोनच खटले चालवले. पावसाळ्याच्या अखेरीस हृदयविकारानं गेले.

माहुलीच्या घाटावर गर्दी बेताचीच होती. चिता पेटली, लोक पांगू लागले, तेव्हा नदीच्या कडेला एकटा उभा असलेला ज्ञानू मला दिसला. मी जवळ गेलो.

"माझ्याविषयी काय बोललं का वो ते?" त्यानं विचारलं.

"तुमचा राग बरोबर आहे म्हणाले."

त्याचा चेहरा एकदम उतरला. तो राग चुकीचा आहे असं ते म्हणाले असते, तर त्याला बरं वाटलं असतं की काय, कोण जाणे.

"मग आता ह्यो राग घिऊन मी कुनाकडं जाऊ?" तो म्हणाला.

आम्ही दोघं चितेच्या ज्वाळा बसेपर्यंत तिथंच उभे राहिलो.