चतुराबाईचं बी

कनेरगाव नाक्याच्या आसपास चतुराबाईच्या शाळूचं नाव होतं. दर सुगीला ती टपोरी कणसं निवडून बी वेगळं काढायची आणि राखेत घोळून कणगीत भरायची. तरी कीड लागायचीच. सोंडा काळपट, दाणा पोखरून आत अंडं घालणारा. हात लावला की मेल्याचं सोंग घेतो, पण उन्हात पसरलं की पळ काढतो. पाकोळी उडती, पिवळसर, नाजूक. तिचीही अळी दाण्यातच वाढते, पण पाकोळीला खोल शिरता येत नाही. ती वरचा थर तेवढा नासवते. चतुराबाई म्हणायची, "पाकोळी परवडली माय, सोंडा तळ गाठतो."

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात रझाकारांच्या धाकानं गाव रिकामं होऊ लागलं. नवरा तातेराव म्हणाला, "ऊठ. हद्द वलांडून वाशिमला तुह्या भावाकडं जाऊ."

"अन् बियाची कणगी?"

"जीव घेऊन पळून राहिलो, कणगी कुठं नेती?"

तिनं कणगीचं तोंड शेणामातीनं लिंपलं आणि निघाली.

भावाकडं काही कमी नव्हतं. पण पाऊस उघडून ऊन पडलं की तिचा जीव तळमळायचा. भावजय शकुबाई विचारायची, "काहून जेवत न्हाई, वन्सं?" बियाला ऊन दाखवायचं राहिलं, हे कोणत्या तोंडानं सांगावं? लोकांची माणसं गेली होती.

फौज आली, निजामाचं राज्य गेलं, माणसं परतली. घर उभं होतं, पण छप्पर कणगीवरच गळलं होतं. झाकण काढताच पाकोळ्यांचा थवा तोंडावर आला. तिला हायसं वाटलं.

"अवो, पाकोळी हाय! खालचं बी वाचलं आसंल."

वरचा थर तिनं सुपात काढला आणि कोपरापर्यंत हात घातला. आत दाणे गरम लागले. मूठ वर आली तेव्हा बोटांतून पीठ सांडलं. तळहातावर सोंडे निपचित पडले होते.

तातेरावानं घंगाळात पाणी आणलं. तिनं मूठभर दाणे टाकले; तरंगले. दुसऱ्या बाजूची मूठ टाकली. मग तळातली.

"ऱ्हाऊ दे आता," तो म्हणाला. "दुसरं बी मिळंल."

"बी मिळंल वो. ह्ये न्हाई मिळायचं."

त्यानं घंगाळ उचलून अंगणात रितं केलं.

भावानं बी दिलं. पेरणीला ती तिफणीमागं चालली, चाड्यात मूठ सोडत राहिली. शेजारच्या गोजरबाईनं बांधावरून विचारलं, "कसं हाय गं बी?"

"मला काय ठावं, बाई," चतुराबाई म्हणाली.