बसक्या दाराच्या घरातला सोफा

मी गाव सोडलं तेव्हा माझी पेटी मायच्या डोक्यावर होती. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची सालं ती. नागपूरला नर्सिंग शिकायला निघालेली आमच्या गावची पहिली मुलगी मी, म्हणून बाबा रुसून बाहेरच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, खाटेवर बसून राहिले. माय तेवढी धानाच्या बांध्यांतून साकोलीच्या रस्त्यापर्यंत आली, आणि पेटी डोक्यावर असूनही इतकी झपाझप चालली की मला मागून पळावं लागलं. एस.टी. आली तशी म्हणाली, "पोटभर खाजो. लाजू नोको." मग मागे न बघता निघून गेली. होस्टेलात डोळे मिटले की तिची ती चाल दिसायची.

पुढे भिलाईला नोकरी लागली. क्वार्टर मिळालं, ड्यूटी सुरू झाली, तोंडात हिंदी बसली. "सिस्टर" ऐकायची इतकी सवय झाली की गावी कुणी "सुमे" म्हटलं तर कुणाला हाक मारतात ते क्षणभर कळायचं नाही. दर सुटीत जायचे, आणि दर सुटीत माय जमिनीला जरा जास्तच चिकटलेली दिसायची. आयुष्यभर चिखलात वाकून धानाचा रोवणा केलेला, गुडघ्यांनी शेवटी राम म्हटला. एकदा खाली बसली की उठताना भिंत धरायची, भिंत नसली तर दार, आणि तेही नसलं तर तशीच बसून राहायची. शेजारीपाजारी जाणं तिनं सोडून दिलं. "कायले जाऊ? मले उठवाले दोघीजणी लागतेत," असं हसून सांगायची. वॉर्डात मी लोकांच्या आयांना हात देऊन उठवत होते आणि माझी माय तिकडे भिंत चाचपत होती. याचा मला फार राग यायचा, माझा मलाच.

म्हणून ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात मी सोफा नेला. साधी खुर्ची नेली असती तर ती चोरासारखी टोकावर टेकली असती. हा चांगला तिघांचा होता, मऊ, हिरव्या कापडाचा. भिलाईहून साकोलीपर्यंत ट्रकनं आणि तिथून आमच्या बंडीवर, बैल हाकायला भाऊ. धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांमधून बैलांच्या मागे तो हिरवा सोफा डुलत चालला होता आणि मी त्याच्यावर पाय वर घेऊन बसले होते. दूरवर तळ्याचं पाणी चमकत होतं, कुणी धानाचं तणीस रचता रचता थांबून बघत होतं. आजही दुपारी डुलकी लागली की तोच प्रवास सुरू होतो. घर काही येत नाही, बंडी आपली चालतच राहते.

त्या दिवशी मात्र घर आलं, आणि दार आलं. आमचं दार इतकं बसकं की सगळ्यांनाच वाकावं लागे, आणि इतकं अरुंद की दोघं एकदम शिरले तर भांडणच व्हायचं. सोफा आडवा घातला, उभा घातला, तिरपा केला, उलटा केला. अर्धं गाव सल्ले द्यायला जमलं. कुणी म्हणे भिंत फोडा, कुणी म्हणे चौकट काढा. बाबा चौकटीला हात लावू देईनात. "सपरीतच राहू दे ना," ते म्हणाले. "येनाऱ्याजानाऱ्याले बसाले होईन." मी म्हटलं, नाही, आतच जाईल. रस्त्यावरून दिसते म्हणून माय सपरीत कधी बसतच नव्हती. पण बापासमोर, चार लोकांत, "हा मायसाठी आणला" म्हणायची मला लाज वाटली. घरासाठी आणला, एवढंच बोलले. तिथंच चुकले.

दुपारभर सोफा अंगणात उन्हात पडून राहिला. एक कोंबडी त्याच्यावर चढून बसली. मायनं तिला पदरानं हाकललं आणि वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा कापडावरून हात फिरवला. तेवढ्यात मनीराम वाढई आपली अवजारं घेऊन आला. आत गेला आणि धान साठवायच्या ढोलीपाशी उभा राहिला. ती बांबूची ढोली दाराच्या दुप्पट रुंद. "हे कशी आनली आत?" त्यानं विचारलं. सगळ्यांना ठाऊक होतं, बुरड घरात बसूनच ती विणून देतो. "मंग हाही घरातच बनवू," मनीराम म्हणाला. त्यानं खिळे उपटले, कापड सोडलं, सांधे मोकळे केले. सोफा लाकडं, काथ्या आणि स्प्रिंगा होऊन एकेक करत आत गेला आणि दिवेलागणीला माजघरात पुन्हा उभा राहिला. जरा कुरकुरायचा, पण होता तोच.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावर गावातले बाप्पे, म्हणजे पुरुषमंडळी, बसायला लागले. बाबांचे सोबती, शाळेचे गुरुजी, कोण कोण. हातानं दाबून बघायचे, मान डोलवायचे. माय सैपाकाच्या खोलीच्या दारात भुईवर, आणि चहा द्यायला दर वेळी भिंत धरून उठायची. तिनं त्यावर बसावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, तिच्याही नाही. लग्न झाल्यापासून बाबा खाटेवर आणि ती खाली. नवऱ्यासमोर उंचावर बसणारी बाई आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती.

चार दिवस मी गिळून गप्प राहिले. निघायच्या दिवशी पिशवी भरता भरता मात्र डोकं फिरलं. बाबा एकटेच सोफ्यावर होते. म्हटलं, "बाबा, हा सोफा पाव्हण्यांसाठी नाही आनला मी. मायसाठी आनला. तिले उठता येत नाही, तुम्हाले दिसत नाही का?" जन्मात पहिल्यांदा बापाला असं बोलले. आतून माय म्हणाली, "सुमे, चूप राय." मला वाटलं, संपलं. माय अशीच भुईवर राहणार आणि मी भिलाईला जाऊन परक्यांची सेवा करणार.

तेवढ्यात बाबा सरकले. सोफ्याच्या अगदी टोकाला गेले आणि समोर बघतच म्हणाले, "सुमनची माय, इकडं ये. बस इथं."

"काहीतरीच. लोक काय म्हनतीन?"

"लोकाईचे गुडघे नाई दुखून राहिले."

ती भिंत धरत आली आणि दुसऱ्या टोकाला बसली. दोघंही समोर बघत होते, फोटोवाल्यानं बसवल्यासारखे. जरा वेळानं तिनं दोन्ही हात टेकले आणि उठली. एकटी, भिंतीशिवाय. परत बसली, परत उठली. "सुमे, उठता येते वं," असं म्हणून लहान पोरीसारखी हसली. मला रडू आवरेना.

दोघंही आता नाहीत. भावानं जुनं घर पाडून सिमेंटचं बांधलं, दारं चांगली रुंद केली. तिथं मी पाहुणी म्हणून जाते आणि पाहुणी म्हणूनच परत येते. तुम्ही गावात राहिलेले असा की माझ्यासारखे निघून गेलेले, तुमचं घर तुम्हाला कुठं सापडतं मला ठाऊक नाही. माझं घर म्हणजे सोफ्यावर त्या दोघांच्या मधे मोकळी राहिलेली एका माणसाची जागा. एस.टी. चुकेल म्हणून मी त्या दिवशी तिथं बसले नाही. चुकली असती तर दुसरी मिळाली असती.