वाळूचा डबा

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी ओट्यावर बसून डब्यातली वाळू चाळली. दर रविवारचं काम ते. मी डबा पोत्यावर उलटा करायचो. बायको पिठाच्या जुन्या चाळणीतून वाळू गाळायची, विड्यांची थोटकं वेगळी काढायची आणि वाळू धुऊन उन्हात पसरायची. त्या दिवशीही तसंच केलं. वाळू संध्याकाळपर्यंत वाळली. ती डब्यात परत भरायला बायको राहिली नाही.

नाक्यावर तिला सगळे डबावाली म्हणायचे. आमच्या नाक्यावर पत्र्याची शेड आहे. वडप्याच्या, दापोड्याच्या गोडाऊनला जाणारी माणसं तिथे रिक्षाची वाट बघत थांबतात. रोज सकाळी ती वाळूने अर्धा भरलेला तुपाचा जुना डबा घेऊन तिथे जायची आणि जो विडी ओढत असेल त्याच्यासमोर डबा धरून उभी राहायची. ओरडायची नाही. कायदा सांगायची नाही. "टाक भावा यात. मी उभी हाय." एवढंच. आणि खरंच उभी राहायची. समोर म्हातारी बाई डबा धरून उभी असली की भल्याभल्यांना झुरका जात नाही. पाच मिनिटं कुणी टिकला नाही.

पहिल्या दिवशी एकाने तिला भिकारीण समजून डब्यात नाणं टाकलं. तिने ते वाळूतून काढलं आणि त्याच्याच खिशात घातलं. "मी भीक मागत न्हाय, विडी मागते." एकदा लूमवरचा, कापडाच्या मागावरचा, एक कारागीर म्हणाला, "अम्मा, दो कश बाकी है." ती म्हणाली, "वो दो कश डब्बे को दे. डब्बा खोकता नहीं." अख्खी शेड हसली. तोही हसला आणि विडी टाकली. पुढे तोच माणूस तिला लांबून बघितलं की विडी विझवून हात वर करून दाखवायचा.

शेडच्या भिंतीवर कुणीतरी पाटी रंगवलेली होती. तिला वाचता येत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेला, म्हणून मला विचारलं. मी वाचून दाखवलं, "धूम्रपान करू नये."

"म्हणजे काय?"

"विडी ओढू नये."

"मग तसं लिवा ना. धूम्रपान कोण करतंय हितं? सगळे विडीच ओढतात."

आता खरं सांगतो. मी जॉबर होतो, लूम दुरुस्त करायचो. मिसरूड फुटल्यापासून विडी ओढत होतो, घरातसुद्धा. आमची एकच खोली. तिथेच ती बसून कांड्या भरायची. लूमच्या धोट्यात सुताची कांडी लागते, ती भरायचं काम बायका घरी करतात. मी खाटेवर बसून ओढायचो, ती खाली बसून खोकायची. खोकल्याचं मला काही वाटायचं नाही. सगळ्या कांडीवाल्या खोकतात, असं मी म्हणायचो.

मग तिला दम लागायला लागला. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात कुणी विडी-सिगरेट ओढतं का?" मी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागलो. ती म्हणाली, "न्हाय बाई. सुताची धूळ असंल."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "खोटं का बोललीस?"

"खरं तुमी बोलायचं व्हतं."

तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच खोटं, तेही माझ्यासाठी. दुसऱ्या आठवड्यात तिने डबा घासला. मी विचारलं, नाक्यावर जाऊन काय होणार? म्हणाली, "घरात सांगून दमले. आता नाक्याला सांगते."

नाक्याने ऐकलं. मी मात्र सोडली म्हणून सांगितलं आणि सोडली नाही. दुपारी ती पडली की मी शेडमध्ये जाऊन ओढायचो, वर बडीशेप चावायचो. डबा ती संध्याकाळपर्यंत तिथेच खांबाला बांधून यायची. तिचा डबा समोर असताना थोटूक खाली टाकायची लाज वाटायची, म्हणून मी ते डब्यात टाकायचो. एवढी अक्कल माझी.

विडीला खाली दोरा बांधलेला असतो. नाक्यावर सगळ्यांच्या विडीचा दोरा लाल. माझी विडी एकाच जुन्या दुकानात मिळायची, तिचा दोरा हिरवा. जन्मभर सूत हातातून गेलेल्या बाईला हे कळणार नाही, असं मला का वाटलं, देव जाणे.

त्या रविवारी तिने चाळणीतून एक थोटूक उचललं, दोरा सोडवला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"हिरवा हाय," ती म्हणाली.

मी तो दोरा बोटाला गुंडाळायला लागलो.

"दर रविवारी निघतो. डब्यात टाकता, तेवढं तरी बरं करता." रागावली नव्हती. दम खात खात बोलत होती. "एक दिवस डबा तुमी धरा ना. माजा हात भरून येतो आता."

हे तिने आधीही दोन-तीनदा म्हटलं होतं. मी दर वेळी म्हणायचो तेच म्हणालो, "माणसं हसतील मला."

"मला हसलीच की. मी मेले का?"

संध्याकाळी तिला श्वास घेता येईना. रिक्षातून दवाखान्यात नेलं. माझा हात धरून होती. दिवेलागणीला हात सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं जमली. मुलगी यायची होती, तिरडीचे बांबू यायचे होते. आमची गल्ली अरुंद, म्हणून पुरुषमंडळी नाक्यावरच्या शेडमध्ये जाऊन थांबली. माझा चुलत भाऊ दामू विड्यांचे कट्टे घेऊन आला होता. आमच्यात मयताला आलेल्या माणसांना विडी-काडी देतात. कधीची रीत आहे. त्याने एक कट्टा माझ्याही हातात ठेवला. "दादा, ओढ एक. बरं वाटंल." आणि बाकीचे वाटायला शेडकडे गेला.

मी ओट्यावर आलो. वाळू पोत्यावर तशीच पसरलेली होती. कुणी उचलली नव्हती. मी खाली बसलो आणि ओंजळीने ती डब्यात भरली. आत बायका रडत होत्या. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी डबा उचलला. जड होता. इतका जड असेल असं वाटलं नव्हतं.

शेडमध्ये सगळे ओढत होते. नातेवाईक, लूमवरचे जुने सोबती, सगळे. तो 'दो कश'वाला कारागीरही आला होता. त्याने मात्र विडी घेतली नव्हती. दामूने दिलेला कट्टा मी आधी वाळूत खुपसला. खिशात हिरव्या दोऱ्याच्या विड्या होत्या, त्याही खुपसल्या. मग डबा दामूसमोर धरला.

"दादा, अरे आज तरी..."

"टाक भावा यात," मी म्हटलं. "मी उभा हाय."

कुणी हसलं नाही. बांबू येईपर्यंत मी तसाच उभा राहिलो.