मिस्त्रीचाचांची शेवटची चौकट

मिस्त्रीचाचा जगाकडे एकाच डोळ्याने बघायचे. दाराची चौकट असो, चहाचा कप असो की माणूस, डावा डोळा मिटून आधी ते सरळ आहे का ते पाहत, मगच बोलत. माझ्या लग्नात भर मांडवात त्यांनी मलाही तसेच न्याहाळले आणि आईला म्हणाले, "वहिनी, पोरगं जरा डावीकडं कलतंय. पण चालतंय की, लाकूड चांगलं हाय." सासरची मंडळी आजही मला डावीकडूनच टेकू देतात.

चाचांचे घराणे मूळचे मैंदर्गी गावचे. वडील सोलापुरात येऊन विणकरांसाठी लाकडी हातमाग करत. पुढे यंत्रमाग आले आणि लोकांनी ते हातमाग मोडून बंबात घातले. "बापानं केलेला माग जळताना मी बगितला. सागवान व्हतं. लई झ्याक जळलं," असे सांगून चाचा हसत. आपण मात्र हसायचे नाही, हे आम्हाला कळत असे.

मग त्यांनी दारे-खिडक्या धरल्या, पुढे अख्खी घरे बांधायला घेतली. ठेकेदार झाले, तरी चौकट स्वतःच उभी करत, तीही नुसत्या नजरेने. मुलगा सलीम उभी रेघ तपासायला ओळंब्याची दोरी काढू लागला की डाफरत, "रख वो जेब में. मेरी आँख मर गई क्या?"

चाचा जाऊन आता दोन वर्षे झाली. त्यांनी उभी केलेली शेवटची चौकट आमच्या नव्या घराची. आईने हळदकुंकू वाहिले. चौकटीचा नारळ मिस्त्रीनेच फोडायचा असतो, तो चाचांनी फोडला. पेढे वाटले गेले. सलीमने मात्र पेढा हातातच धरला होता. चाचांनी ते पाहिले.

"ओळंबा लगा."

"रहने दो, अब्बा."

"लगा बोला ना!"

सलीमने दोरी सोडली. वर लाकडाला टेकलेली दोरी खाली बोटभर दूर लोंबत राहिली. डोळ्यात मोतीबिंदू उतरल्याचे चाचांनी घरातसुद्धा कुणाला सांगितले नव्हते.

आई घाईघाईने म्हणाली, "मिस्त्री, पूजलेली चौकट हलवत नाहीत. बोटभरानं काय होतंय?"

"वहिनी, पूजा तुमची सरळ हाय. चौकट माझी वाकडी हाय."

चौकट घट्ट धरणारी पहिली पाचर त्यांनी स्वतः ठोकून काढली. मग हातोडा सलीमकडे दिला आणि वाळूच्या ढिगावर, आमच्याकडे पाठ करून, बसून राहिले.

तासाभराने सलीमने हाक मारली, "अब्बा, सीदी हो गई. एक बार देख लो."

चाचा उठले, अंगावरची वाळू झटकली. पण चौकटीपाशी गेले नाहीत.

"तू बोला ना, सीदी है? फिर मैं काय कू देखना?"

आईने जुन्या घरातून दुसरा नारळ आणला आणि सलीमच्या हातात दिला.