एक सीझन थांब

मनोहरराव गभणे यांची माझी ओळख पाठमोरी झाली. मी तेव्हा अरुणोदय स्पोर्टिंगचा गोलकीपर होतो, एकोणीस वर्षांचा, आणि पहिल्याच मॅचमध्ये दोन पायांच्या मधून गोल खाल्ला होता. मान खाली घालून उभा होतो, तेवढ्यात गोलपोस्टच्या मागून कोणीतरी म्हणालं, "होते गा असं. पुढचा पाहा." मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. मॅच संपल्यावर कळलं की क्लबच्या प्रत्येक मॅचला येणारे, हुडकेश्वरचे मनोहरभाऊ ते हेच.

महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात ते व्हॉल्व्हमन होते. सकाळी वस्त्यांचे व्हॉल्व्ह खोलायचे आणि दुपारी मोकळे. लांब लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधलेली असायची, तशीच घेऊन ते मैदानावर यायचे. स्वतः कधी फुटबॉल खेळले नाहीत. पण तेहतीस वर्षांत अरुणोदयच्या ज्या मॅचेस त्यांनी चुकवल्या, त्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातली एक मुलीच्या लग्नाच्या दिवशीची होती. मुलगी रितिका लग्नानंतर बडोद्याला गेली. घरी ते आणि प्रेमलताकाकू. काकू म्हणायच्या, "ह्यायचं सासर मैदानावरच आहे."

अरुणोदय मोठा क्लब कधीच नव्हता. शहराच्या कडेला, हुडकेश्वरात, घरांचे प्लॉट पाडायचे राहून गेलेल्या एका तुकड्यावर आमची प्रॅक्टिस चालायची. जिल्ह्याच्या लीगमध्ये खालून दुसऱ्या गटात आम्ही असायचो. कधी वर चढायच्या बेतात, कधी खाली घसरायच्या. आणि दर वर्षी आमचा एखादा चांगला पोट्टा शहरातला मोठा क्लब उचलून न्यायचा.

या बाबतीत मनोहररावांची मतं पक्की होती. सोडून गेलेल्या खेळाडूचं नाव ते घेत नसत. "तो सात नंबर," म्हणायचे, किंवा "तो डाव्या पायाचा." समोरून आला तर सायकल दुसऱ्या गल्लीत वळवायचे. लहान क्लबनं सात-आठ वर्षं पोराला चालायचं-पळायचं शिकवायचं आणि तयार झाला की दुसऱ्यानं न्यायचा, हे त्यांना अन्यायाचं वाटायचं. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. केशव नावाचा आमचा बचावातला स्टॉपर असाच एका मोठ्या क्लबात गेला आणि दोन सीझन बेंचवर बसून राहिला. मग खेळच सोडला. मनोहरराव ते उदाहरण प्रत्येक नव्या पोराला सांगायचे. "तिथं तू बारावा राहशीन. इथं पहिला आहे."

मीही चार वर्षांनी खेळणं सोडलं आणि प्रताप नगरात गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या. पण रविवारी मैदानावर जायचो, मनोहररावांच्या शेजारी उभा राहायचो.

तिथेच आम्ही सौरवला मोठा होताना पाहिलं. वडील लवकर गेलेले, आई गोपिकाबाई शाळेत पोषण आहार शिजवायच्या. तो दहा वर्षांचा असताना मनोहरराव त्याला सायकलवर बसवून मैदानावर आणायचे, कारण त्याचं घर त्यांच्या वाटेवर होतं. अठरा वर्षांचा होईपर्यंत तो आमचा फॉरवर्ड झाला. सडपातळ, उजव्या बाजूनं आत घुसणारा. बॉल पायाशी आला की तो एक क्षण थांबायचा आणि समोरचा डिफेंडर उगीचच आधी हलायचा. मनोहरराव त्या वेळी श्वास धरून ठेवायचे, हे मी शेजारून ऐकलेलं आहे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये गोव्याच्या एका क्लबनं सौरवला बोलावलं. देशाच्या दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये खेळणारा क्लब. त्यांच्या माणसानं त्याला एका स्पर्धेत पाहिलं होतं. आमच्या क्लबनं ना-हरकत दिली की ट्रान्सफर ऑनलाइन होणार होती आणि त्या बदल्यांची मुदत संपायला सहा दिवस होते.

क्लबचे सचिव जितेंद्र. त्यांचं सायकल-दुरुस्तीचं दुकान हेच क्लबचं ऑफिस. ते मनोहररावांना म्हणाले, "भाऊ, तो गेला तर यंदा आपलं कठीण आहे. तुमचं ऐकते तो. तुम्ही बोला."

बोलावं लागलंच नाही, कारण सौरव आपणहून मनोहररावांच्या घरी आला. मीही तिथे होतो. काकूंनी पोहे केले होते, त्यांना सौरवनं हात लावला नाही.

"काका, काय करू मी? तुम्ही सांगान तसं करतो."

मनोहररावांनी पोह्यांची बशी त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "एक सीझन थांब. तू वीस वर्षांचा आहे, गोवा कुठं पळून नाही चाललं. आपल्याले वरच्या गटात चढवून दे, अन् मग खुशाल जा. मीच पेढे वाटतो. आत्ता जाशीन तर बेंचवर बसवतीन. केशवचं पाहिलं ना?"

"ते म्हणून राहिले, पहिल्या अकरात घेतो."

"सगळेच म्हणतात तसं."

सौरव माझ्याकडे बघू लागला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी गणिताचा मास्तर, एका सीझनमध्ये काय काय होऊ शकतं याचा अंदाज मला असायला हवा होता. मी म्हणालो, "तुझं तू ठरव," आणि चहा प्यायलो.

तो थांबला.

जानेवारीत, लीग अर्धी झाली असताना, आमची मॅच एका अगदी तळातल्या टीमशी होती. तीन-शून्यनं आम्ही पुढे होतो. सौरव उजवीकडून आत वळला, कोणी त्याच्या जवळही नव्हतं. मैदानाचा तो भाग टँकरच्या पाण्यानं ओला राहिला होता आणि त्याच्या पलीकडे जमीन टणक. बुटाचा खिळा ओल्यात रुतला, पाय तिथेच राहिला आणि अंग पुढे गेलं. तो ओरडला नाही. बसला, आणि गुडघ्याकडे असा बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

गुडघ्यातला लिगामेंट पूर्ण तुटला होता. ऑपरेशन झालं. मनोहरराव रोज दवाखान्यात जायचे, पलंगाशेजारच्या स्टुलावर बसायचे. एकदा सौरवच त्यांना म्हणाला, "काका, तुम्ही काहून रडून राहिले? पाय माझा आहे." आणि हसला. डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले होते. तो रोज सकाळी व्यायाम करायचा, मनोहरराव शेजारी उभे राहून आकडे मोजायचे. वर्षभरानं तो मैदानावर उतरला. अर्धा तास खेळला, बराही खेळला. मग एका साध्या पासला वळताना गुडघा पुन्हा बाजूला गेला.

त्यानंतर सौरव खेळला नाही. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात लागला. कापडातले दोष तपासायचं काम, आठ तास उभ्यानं. तिथेच दोन पोरांबरोबर खोली घेऊन राहू लागला.

तो बुटीबोरीला गेला त्या दिवशी मनोहरराव गोपिकाबाईंना भेटायला गेले. त्या दारातच उभ्या राहिल्या. या म्हणाल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, माझं तो कधी ऐकत नव्हता. तुमचं ऐकलं त्यानं."

मनोहररावांनी हे मला चार दिवसांनी सांगितलं, सायकल हातात धरून चालताना. 

त्यांनी सोडून गेलेल्यांबद्दल बोलणं त्यानंतर बंद केलं. रितिकानं दिलेल्या मोबाइलवर ते गोव्याच्या त्या क्लबच्या मॅचेस बघायला शिकले. काकू म्हणायच्या, बघतात आणि मग जेवत नाहीत. सौरवच्या जागी त्या क्लबनं मणिपूरचा एक पोरगा घेतला होता, अकरा नंबर. पहिल्याच सीझनमध्ये तो पहिल्या अकरात होता. मनोहररावांनी मला एकदा तो दाखवला.

"चांगला खेळते," मी म्हणालो.

"हो." मोबाइल बंद करत म्हणाले, "सौरव ह्याच्यापेक्षा बरा होता. मी उगाच नाही म्हणून राहिलो. तू पाह्यलं ना त्याले."

"पाह्यलं, भाऊ."

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा तीच वेळ आली. आमच्या पियूषला, एकोणीस वर्षांच्या सेंटर बॅकला, केरळच्या एका क्लबनं बोलावलं. जितेंद्रच्या दुकानात कमिटी बसली. मनोहरराव आणि मी धरून सातजण होतो. जे बोलले त्या सगळ्यांचं मत एकच, ना-हरकत यंदा द्यायची नाही. पियूष गेला तर मागे कोणीच उरत नाही. जितेंद्र म्हणाले, "मनोहरभाऊ समजावतीन त्याले."

"नाही," मनोहरराव म्हणाले. "सही करून दे."

जितेंद्रना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "भाऊ, तुम्हीच तर आयुष्यभर म्हणत आले का लहान क्लबची लूट होते म्हणून."

"होते ना. आजही म्हणतो मी. आपण पोट्टे तयार करतो अन् दुसरे घेऊन जातात, हे वाईटच आहे. पण त्याच्यावर इलाज म्हणून पोट्ट्यालेच अडवायचं, हे माझ्याच्यानं आता होत नाही. तू सही कर. नाही करशीन तर मी आजपासून मैदानावर येत नाही."

एकजण म्हणाला, खालच्या गटात जाऊ आपण. मनोहरराव म्हणाले, जाऊ.

जितेंद्रनी सही केली. पियूष केरळला गेला.

पुढच्या रविवारी मनोहरराव मला म्हणाले, बुटीबोरीले नेतो का. त्यांना ही गोष्ट सौरवला स्वतः सांगायची होती. माझ्या गाडीवरून आम्ही गेलो. कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर सौरव भेटला. अंगानं भरला होता. चालताना गुडघा किंचित बाहेर टाकत होता. त्यानं काकांच्या पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला, मनोहररावांनी त्याला मध्येच धरलं.

त्यांनी पियूषचं सगळं सांगितलं. कमिटीत काय झालं, सही कशी करायला लावली. सांगताना ते त्याच्याकडे बघत नव्हते, चहाच्या ग्लासकडे बघत होते.

"बरं केलं, काका," सौरव म्हणाला.

मग तो रस्त्याकडे बघत राहिला. शिफ्टला जाणारी माणसं गेटात शिरत होती. तो म्हणाला, "काका, मले काहून नाही जाऊ दिलं?"

आवाजात राग नव्हता. तीन वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं होतं. मला वाटलं, मनोहरराव केशवचं सांगतील, वरच्या गटाचं सांगतील, वीस वर्षांच्या वयाचं सांगतील.

ते म्हणाले, "तू गेला असता तर मी रविवारी कोणाले पाह्यलं असतं? क्लबचं मी नाव सांगतलं गा. माझ्यासाठीच अडवलं मी तुले. तुह्या भल्याचं होतं असं मी स्वतःलेही सांगतलं, पण ते खरं नव्हतं."

सौरवनं मान हलवली.  त्यानं स्वतःचा आणि आमचे चहाचे ग्लास टपरीवाल्याकडे नेऊन दिले, खिशातून ओळखपत्र काढून गळ्यात घातलं आणि म्हणाला, "शिफ्टची वेळ झाली, काका. येतो." गेटाच्या आत जाईपर्यंत त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

परतताना मनोहरराव माझ्या खांद्याला धरून बसले होते. वाटेत एकदा म्हणाले, "सांगाले नाही पाहिजे होतं का मी?"  मी म्हणालो, हवा लागून राहिली, ऐकू नाही आलं. ते पुन्हा विचारतील असं वाटलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही.

त्याआधी सौरव दर आठ-पंधरा दिवसांनी त्यांना फोन करायचा, लीगचं विचारायचा. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. दिवाळीला तो हुडकेश्वरला घरी आला होता, हे मनोहररावांना काकूंकडून कळलं आणि काकूंना किराणा दुकानात. त्याच्या घरासमोरून जायचं टाळण्यासाठी ते चार दिवस लांबच्या रस्त्यानं दळण आणायला गेले.

या मोसमात अरुणोदयनं बारा मॅचेसमध्ये एकतीस गोल खाल्ले आणि आम्ही सगळ्यात खालच्या गटात गेलो. शेवटच्या मॅचला आमच्याकडून बघणारे नऊजण होते. मनोहररावांनी पूर्ण मॅच पाहिली. पियूषचा केरळमधला फोटो कोणीतरी मोबाइलवर दाखवला, तो त्यांनी चष्मा वर करून नीट बघितला आणि म्हणाले, "बारीक झाला. जेवाले बरोबर मिळत नसन."

मॅच संपल्यावर पोरं नेट काढू लागली. मी विचारलं, "सौरवकडे एकदा जाऊन येता का? मी नेतो."

"त्याले वाटलं तर येईन तो," ते म्हणाले. मग सायकलचा स्टँड काढत म्हणाले, "मी नाही जात आता. एकदा मी त्याले थांबवलं. आता त्याले नसन यायचं, तर नसन."

ते मैदानाच्या कडेनं सायकल हातात धरून चालत निघाले. पुढच्या सीझनला येणार का, हे मी विचारलं नाही.