काशिरामचं भाषण, बेलपाड्यात दुसऱ्यांदा

गणपती तोंडावर आले होते आणि बेलपाडा गावाच्या मंडपात पोरं पुठ्ठ्याचं शहर जाळायच्या तयारीत होती. वरून क्षेपणास्त्र सुटणार, मोठा आवाज होणार, इमारतींतून धूर निघणार, असा देखावा. परदेशातलं युद्ध रोज मोबाईलवर दिसत होतं. खारघरच्या टॉवरांतली गर्दी खेचायला याहून ताजं काय असणार?

शेजारच्या कमळाबाई बघायला आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण आवाज खणखणीत.

"हितेश, या घरांत मानसं हायत का?"

मंडळाचा अध्यक्ष हितेश हसला. "आजी, पुठ्ठा हाय तो."

"मी खऱ्या शहराचं इचारते."

मग तिथेच बसून त्यांनी बापाची गोष्ट सांगितली. काशिराम मिठागरात राबायचा. त्याआधी तो दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढून आला होता. पासष्टच्या लढाईत, गणपतीतच, तो याच मंडळाच्या स्टेजवर लढाईविरुद्ध बोलायला उभा राहिला. लोकांनी त्याला हात धरून खाली ओढलं. दहा-अकरा वर्षांच्या कमळाबाई समोरच बसल्या होत्या. बापाचा शब्द न् शब्द त्यांना पाठ झाला.

"ते भाषण मला करू दे."

"लोक हसतील, आजी."

"हसू दे."

पहिल्या रात्री क्षेपणास्त्र सुटलं, शहर धुरात बुडालं, शिट्ट्या पडल्या. मग कमळाबाईंनी माईक घेतला. बापाच्याच शब्दांत त्या बोलू लागल्या.

"रेडिओ सांगतो, आमी जिंकतो. कोन मेला ते सांगत नाय. ब्रह्मदेशात एक जपानी पोर माज्या पुढ्यात मेला. मरताना त्यानं हाक मारली. त्याची भाषा मला येत नवती, पन हाक कळली. आयेला मारलेली हाक कुनालाबी कळते. ज्याला लढाई पायजे, त्यानं पयलं आपलं पोर पाठवावं."

मागून मनिषा पुढे आली. तिचा नवरा मालवाहू जहाजावर, त्याच युद्धाच्या समुद्रात अडकलेला.

"आजी, परत सांगा," ती म्हणाली.

"परत! परत!" गर्दीतूनही आवाज उठला. दुसऱ्या वेळी कमळाबाईंनी आवाज आणखी चढवला.

सकाळी हितेशनेच क्षेपणास्त्र उतरवलं. पोरांनी धुराचं यंत्र काढून पुठ्ठ्याच्या खिडक्यांत पिवळे दिवे लावले, एका गच्चीवर चिमुकले कपडे वाळत घातले. देखाव्यात आता फक्त ते शहर आणि ते भाषण. रांग पार हमरस्त्याला भिडली. टॉवरांतली माणसं मुलांना पुढे उभं करून ऐकवत होती.

उत्सव संपायच्या आत उरणहून, मोरा बंदराच्या कोळीवाड्यातून बोलावणं आलं. तिथली कितीतरी पोरं जहाजांवर होती. कमळाबाई नवी हिरवी साडी नेसून गेल्या. स्टेजवरून पुकारा झाला, "काशिरामदादांचं भाषण! सांगतायत त्यांची लेक!"

त्या बोलायच्या आधीच अख्खा कोळीवाडा उठून टाळ्या वाजवू लागला. कमळाबाई ताठ उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि टाळ्या पुरत्या होऊ दिल्या.